स्टेटस नाही, बारावी झाली: अमेरिकेत पुढचं कॉलेज कसं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेत राहणाऱ्या, पण इमिग्रेशनचे कागद नसलेल्या किंवा ते लवकरच संपणार असलेल्या मराठी कुटुंबांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हायस्कूलचं शेवटचं वर्ष सुरू झालं की घरात कुजबुज सुरू होते आणि मुलाला काहीच धड सांगितलं जात नाही. पुष्कळदा त्याला स्वतःचं स्टेटस (देशात राहण्याचा कायदेशीर दर्जा) कळतं तेच कॉलेजचा फॉर्म भरताना. तसं होऊ देऊ नका. नववीत सांगा.

आपल्या लोकांत असे कोण असतात? हे तर सीमा ओलांडून आलेल्यांचं ना?

ही समजूत सोडा. प्यू रिसर्चच्या अंदाजाने २०२२ मध्ये अमेरिकेत कागदपत्रं नसलेले सुमारे ७ लाख २५ हजार भारतीय होते. अमेरिकी सरकारचा त्याच वर्षाचा अंदाज २ लाख २० हजारांच्या आसपास आहे. खरा आकडा काहीही असो, तो लहान नाही. यातले बरेच जण रीतसर विमानाने, शिक्का मारून आलेले. कुणी व्हिजिटर व्हिसावर आलं आणि राहिलं. कुणाची एच-१बीची नोकरी गेली, ६० दिवसांत दुसरी मिळाली नाही, आणि पोरांची शाळा अर्धवट टाकून परतायचं कसं या विचारात दिवस उलटले. कुणाला एजंटने बुडवलं. आई-बापाचं स्टेटस गेलं की त्याच्यावर अवलंबून असलेल्या मुलाचंही जातं. त्या मुलाने कशावरही सही केलेली नसते.

कागद नसताना कॉलेजात प्रवेश मिळतो का?

बहुतेक ठिकाणी मिळतो. कागद नसलेल्या विद्यार्थ्याला कॉलेजात घेऊ नका असा कोणताही संघराज्याचा कायदा नाही. शाळेचा प्रश्न तर सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्येच, टेक्ससमधल्या 'प्लायलर विरुद्ध डो' खटल्यात, निकालात काढला: बारावीपर्यंत सरकारी शाळेला कुठल्याही मुलाला नाकारता येत नाही. कॉलेजला मात्र तो निकाल लागू होत नाही, आणि राज्याराज्यांत फरक पडतो तो तिथे. साउथ कॅरोलिना (२००८) आणि अलाबामा (२०११) यांनी सरकारी कॉलेजांची दारं कायद्यानेच बंद केली. जॉर्जियात राज्याच्या विद्यापीठ मंडळाचा २०१० चा नियम आहे. त्यामुळे युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जिया किंवा जॉर्जिया टेकसारख्या, जागांसाठी झुंबड असलेल्या संस्थांत घेत नाहीत. बाकी बहुतेक राज्यांत अर्ज करा, मार्क चांगले असतील तर प्रवेश मिळेल.

खरं दुखणं प्रवेशाचं नाही, फीचं आहे.

मग फी किती? इन-स्टेट मिळेल का?

इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण सगळा हिशेब याच्यावर फिरतो. सरकारी कॉलेजात राज्यातल्या मुलांना एक दर आणि बाहेरच्यांना दुसरा. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात राज्यातल्या विद्यार्थ्याला एका युनिटला ४६ डॉलर पडतात. १५ युनिटांचं एक सेमिस्टर धरलं तर ६९० डॉलर. बाहेरचा ठरलात तर तेच कैक पटींनी वाढतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात बाहेरच्यांना नेहमीच्या फीच्या वर वर्षाला ३० हजार डॉलरहून जास्त मोजावे लागतात.

१९९६ च्या इमिग्रेशन कायद्यात एक कलम आहे: कागद नसलेल्याला केवळ 'इथला रहिवासी' म्हणून सवलत द्यायची असेल, तर तीच सवलत प्रत्येक अमेरिकी नागरिकाला, तो कुठल्याही राज्यातला असो, द्यावी लागेल. राज्यांनी यातून वाट काढली. रहिवासाचा मुद्दाच बाजूला ठेवला आणि 'आमच्या हायस्कूलात शिकलात का?' एवढंच विचारायला सुरुवात केली. २००१ मध्ये आधी टेक्ससने आणि मग कॅलिफोर्नियाने असे कायदे केले. टेक्ससच्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर रिक पेरी रिपब्लिकन होते, हे आज सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्याला सगळे 'एबी ५४०' म्हणतात. तो राज्याच्या सुप्रीम कोर्टात २०१० मध्ये टिकला.

अटी साधारण अशा. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत हायस्कूलची ३ वर्षं तिथे झालेली हवीत आणि डिप्लोमा हवा. न्यूयॉर्कमध्ये २ वर्षं पुरतात, पण हायस्कूल संपल्यापासून ५ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. शिवाय 'स्टेटस मिळवायची संधी आली की अर्ज करीन' असं प्रतिज्ञापत्र कॉलेजला द्यायचं. ते कॉलेजच्या दप्तरी राहतं, इमिग्रेशन खात्याला धाडलं जात नाही. कॅलिफोर्नियात २०१७ च्या दुरुस्तीनंतर कम्युनिटी कॉलेज आणि प्रौढ शाळेतली वर्षंही मोजता येतात. दहावीच्या सुमारास पुण्याहून किंवा नाशिकहून आलेल्या मुलांना याचा मोठा आधार आहे. कारण त्यांची ३ वर्षं भरता भरता राहतात.

टेक्सस, फ्लोरिडात ही सवलत बंद झाली म्हणे?

हो. फ्लोरिडाने स्वतःच कायदा बदलला आणि १ जुलै २०२५ पासून सवलत संपली. टेक्ससमध्ये जे झालं ते जास्त चमत्कारिक. ४ जून २०२५ ला केंद्राच्या न्याय खात्याने राज्यावर दावा लावला, राज्याने त्याच दिवशी मान तुकवली आणि कोर्टाने २४ वर्षं चालत आलेला कायदा थांबवला. ज्या मुलांचा प्रश्न होता त्यांना बाजू मांडायची संधीच मिळाली नाही. त्यानंतर केंटकी, मिनेसोटा, ओक्लाहोमा, इलिनॉय, कॅलिफोर्निया यांच्यावरही तसेच दावे झाले आणि ओक्लाहोमाने लढाई न करताच हात वर केले.

तेव्हा ह्यूस्टन किंवा डॅलसच्या नातेवाइकाने दोन वर्षांपूर्वी काय केलं यावर विसंबू नका. ज्या सेमिस्टरची फी भरायची आहे, त्या सेमिस्टरचा नियम त्या कॉलेजच्या कार्यालयाकडून लेखी घ्या. 'हायर एड इमिग्रेशन पोर्टल' या संकेतस्थळावर राज्यवार नकाशा आहे आणि तो बऱ्यापैकी ताजा असतो.

फॉर्ममध्ये सिटिझनशिपच्या चौकटीत काय लिहायचं?

हा प्रश्न मी मुद्दाम मोठा करून सांगतो, कारण इथली एक टिचकी आयुष्यभर पुरते.

अमेरिकी नागरिक असल्याची खूण कधीही, कुठेही करू नका. अनेक कॉलेजांसाठीच्या सामाईक ऑनलाइन अर्जावर, म्हणजे कॉमन अ‍ॅपवर नाही, केंद्राच्या शैक्षणिक मदतीच्या फॉर्मवर, म्हणजे फाफ्सावर नाही, नोकरीच्या फॉर्मवर नाही, मतदार नोंदणीवर तर नाहीच. ३० सप्टेंबर १९९६ पासून नागरिकत्वाचा खोटा दावा हा इमिग्रेशनच्या दृष्टीने जवळजवळ माफी नसलेला गुन्हा आहे. व्हिसा संपूनही राहिलेल्या माणसाला पुढे नागरिक जोडीदारामुळे ग्रीन कार्ड मिळू शकतं. ही एक खोटी खूण केलेल्याला तेही मिळत नाही. 'नाही लिहिलं तर प्रवेश देणार नाहीत' या भीतीने लोक हे करतात. ती भीती निराधार आहे.

आता फॉर्म प्रत्यक्ष समोर धरा. नागरिकत्वाच्या प्रश्नात अमेरिकी नागरिक नसलेल्यांसाठीचा पर्याय निवडा आणि देश म्हणून भारत लिहा. व्हिसा विचारला आणि नसेल, तर 'व्हिसा नाही' हा पर्याय घ्या. सोशल सिक्युरिटी नंबराची जागा कॉलेजच्या अर्जात ऐच्छिक असते, ती कोरी ठेवा. आई-बाबांचा कर भरायचा आयटीआयएन नंबर तिथे घालू नका. दोन्ही नऊ आकडी असतात, आणि 'बसतोय ना, टाकून देऊ' असं होतं. मावसभावाचा, दुकानमालकाचा, असा कुणाचाच नंबर नको. माहिती नसेल तिथे जागा मोकळी सोडणं आणि खोटं लिहिणं, यांत कायद्याच्या नजरेत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

काही कॉलेजांची संगणक प्रणाली अशा विद्यार्थ्याला आपोआप 'आंतरराष्ट्रीय' ठरवते आणि आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा कागद), बँक स्टेटमेंट मागायला लागते. घाबरू नका. प्रवेश कार्यालयाला लिहा: मी इथल्या हायस्कूलचा विद्यार्थी आहे, एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर येणार नाही. कॅलिफोर्नियातल्या सरकारी विद्यापीठांत यासाठी 'ड्रीम सेंटर' किंवा अशाच नावाची कार्यालयं आहेत. तिथल्या लोकांना हे रोजचं आहे.

फाफ्सा भरायचा का?

कागद नसलेल्या विद्यार्थ्याला केंद्र सरकारची मदत मिळत नाही: पेल ग्रँट (परत न द्यायची मदत) नाही, कर्ज नाही, वर्क-स्टडी (शिकताना काम करून मिळणारे पैसे) नाही. डाका (लहानपणी आलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणारी योजना) असलेल्यालाही नाही. म्हणून फाफ्साच्या मागे लागू नका. राज्याचा वेगळा फॉर्म आहे का ते बघा. कॅलिफोर्नियात ड्रीम अ‍ॅक्टचा अर्ज असतो. तो मार्चच्या सुरुवातीच्या मुदतीत भरला तर कॅल ग्रँट मिळू शकते, आणि कम्युनिटी कॉलेजची ती ४६ डॉलरची फीसुद्धा उत्पन्न कमी असेल तर माफ होते. वॉशिंग्टन राज्याचा असाच वेगळा फॉर्म आहे. न्यू जर्सीने २०१८ मध्ये, न्यूयॉर्कने २०१९ मध्ये होजे पेराल्टा यांच्या नावाच्या कायद्याने आणि इलिनॉयनेही २०१९ च्याच कायद्याने राज्याची मदत खुली केली. मुदत चुकली की हे पैसे गेले. परत न द्यायचे पैसे मुदतीअभावी घालवणं आपल्याला शोभत नाही, पण दरवर्षी होतं.

आम्हाला कागद नाहीत, पण मुलगी इथेच जन्मली. तिचं काय?

ती नागरिक आहे, तिला सगळी मदत मिळू शकते. आई-बाबांचं स्टेटस तिच्या पात्रतेत येत नाही. फाफ्सावर पालकांनाही खातं उघडावं लागतं, आणि सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या पालकांना २०२४-२५ च्या फॉर्मपासून ते उघडता येतं.

मात्र २०२५ पासून पालक विचारतात तो प्रश्न रास्त आहे: आमचं नाव-पत्ता सरकारकडे जाईल, त्याचं पुढे काय? कर खात्याने एप्रिल २०२५ मध्ये इमिग्रेशन खात्याला माहिती देण्याचा करार केला, तेव्हापासून कुणीच छातीठोक हमी देत नाही. आधी फाफ्सा भरलेला असेल किंवा वर्षानुवर्षं आयटीआयएनने कर भरत असाल तर तुमचा पत्ता सरकारकडे तसाही आहे. पहिल्यांदाच भरणार असाल तर वकिलाशी बोलून ठरवा. कॅलिफोर्नियात अशा मिश्र कुटुंबातल्या नागरिक मुलांनाही फाफ्साऐवजी राज्याचा अर्ज भरता येतो. त्यात केंद्राची ग्रँट जाते, पण राज्याची मिळते.

डाकासाठी अर्ज करता येईल का?

आज बारावीत असलेल्यांना नाही. ओबामांनी १५ जून २०१२ ला ही योजना जाहीर केली तेव्हाची अट अशी की १५ जून २००७ पासून तुम्ही सतत अमेरिकेत हवेत. आत्ता हायस्कूल संपवणारी मुलं त्या तारखेच्या आसपास जन्मलेली! शिवाय जुलै २०२१ च्या टेक्सस कोर्टाच्या निकालापासून नवे अर्ज मंजूर होत नाहीत, जुन्यांचं दोन-दोन वर्षांचं नूतनीकरण तेवढं चालू आहे. कुणी 'डाका करून देतो' म्हणून पैसे मागितले तर उठून या.

आमच्याकडे एच-४ (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) आहे. मुलगा २१ चा होतोय. आमचा याच्याशी काय संबंध?

मराठी घरांत हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांची दशकं जातात, मूल २१ वर्षांचं झालं की त्या रांगेतून आणि एच-४ मधूनही बाहेर पडतं. अशी दोन लाखांवर मुलं असल्याचा अंदाज आहे. 'इम्प्रूव्ह द ड्रीम' ही संघटना त्यांच्यासाठी झगडते. डाकाने यांना कधीच घेतलं नाही, कारण तिथे अट होती की २०१२ मध्ये तुमच्याकडे कायदेशीर स्टेटस नसावं. नियम पाळले म्हणून वगळले गेले!

करायचं काय? विसाव्या वाढदिवसालाच कामाला लागा. पुढे शिकायचं असेल तर एच-४ संपण्याआधी एफ-१ चा अर्ज गेला पाहिजे. फीचा प्रश्न आधी विचारून घ्या: एच-४ वर असताना कुटुंबाच्या रहिवासामुळे अनेक राज्यांत इन-स्टेट दर मिळतो, एफ-१ झाल्यावर तो जाऊ शकतो. आणि हायस्कूलवर आधारलेल्या कायद्यांपैकी काही व्हिसाधारकांना लागूच होत नाहीत. म्हणजे कागद नसलेल्या शेजाऱ्याच्या मुलाला जे मिळतं ते व्हिसावर असलेल्याला मिळेलच असं नाही. चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन कायद्याने आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) प्रलंबित राहिल्याचे दिवस वयातून वजा होतात. तो हिशेब वकिलाकडून करून घ्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको.

कागद नसलेल्या मुलाला सरळ एफ-१ च का काढू नये?

अमेरिकेत राहून स्टेटस बदलायचं तर आधी स्टेटस असावं लागतं. बाहेर जाऊन व्हिसा घ्यायचा तर वेगळीच अडचण. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून निघालात तर ३ वर्षं, एक वर्ष किंवा जास्त राहिलात तर १० वर्षं परत येता येत नाही.

पण एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. १८ वर्षांखालचे दिवस यात मोजत नाहीत. म्हणजे साधारण साडेअठराव्या वर्षाच्या आत देश सोडलेल्यावर ही बंदी बसत नाही. बारावीनंतरचा उन्हाळा नेमका याच्या आगेमागे येतो. भारतात किंवा दुसऱ्या देशात शिकायला जायचा विचार घरात असेल, तर वकिलाची भेट अठराव्या वाढदिवसाच्या आत घ्या. एफ-१ व्हिसा पुढे मिळेलच असं नाही, पण दार तरी उघडं राहतं.

कॉलेज आमची माहिती इमिग्रेशनला देईल का?

विद्यार्थ्याची नोंद १९७४ च्या फर्पा कायद्याखाली येते. संमती किंवा कोर्टाचा आदेश, समन्स याशिवाय ती बाहेर द्यायची नाही असा सर्वसाधारण नियम आहे. नाव, पत्ता, फोन ही 'डिरेक्टरी' माहिती मात्र त्यातून सुटते. ती देऊ नका असा अर्ज रजिस्ट्रारकडे करता येतो, तो पहिल्याच आठवड्यात करा. शाळा-कॉलेजांत कारवाई टाळण्याचं जुनं धोरण जानेवारी २०२५ मध्ये रद्द झालं. तरी वसतिगृहाच्या खोलीत शिरायला न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट लागतं, खात्याच्या स्वतःच्या कागदाने भागत नाही.

खासगी कॉलेजं आणि शिष्यवृत्त्या?

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन: यांत प्रवेश ठरवताना कुणाचीच ऐपत बघत नाहीत, नागरिक असो वा नसो, आणि लागेल तेवढी मदत स्वतःच्या तिजोरीतून देतात. तिथे स्टेटसने पैशांचं काही बिघडत नाही. आता तिथे शिरणं किती अवघड ते वेगळं सांगायला नको. पोमोनासारखी काही कॉलेजं इथल्या हायस्कूलच्या कागद नसलेल्या मुलांना देशी अर्जदार म्हणून धरतात. प्रत्येक कॉलेजला हे स्वतंत्र विचारावं लागतं. अशा मुलांसाठीच्या शिष्यवृत्त्यांत 'द ड्रीम डॉट यूएस' आणि 'गोल्डन डोअर स्कॉलर्स' ही नावं आधी बघा. 'इमिग्रंट्स रायझिंग'कडे याद्या मिळतात.

निबंधात स्टेटसबद्दल लिहावं का?

तीच त्या मुलाची गोष्ट असेल तर लिहावं. दया यावी म्हणून नको. रात्री वडिलांच्या दुकानाचा हिशेब मांडणारी मुलगी गणिताबद्दल लिहिते, तेव्हा स्टेटस एका ओळीत आलं तरी पुरतं. शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांना मात्र आधी सांगून ठेवा की मुलाला विचारल्याशिवाय याचा उल्लेख करू नका.

शिकून नोकरी मिळणार नसेल तर उपयोग काय?

वर्क परमिटशिवाय कंपनी नोकरीवर ठेवू शकत नाही, हे खरं आहे, आणि याला गोड उत्तर नाही. काही वाटा आहेत. कॅलिफोर्नियात २०१४ च्या कायद्यानंतर व्यावसायिक परवाना स्टेटसवरून अडवता येत नाही, आणि त्याच वर्षी सर्जिओ गार्सिया यांना तिथल्या सुप्रीम कोर्टाने वकिलीची सनद दिली. काही जण स्वतःचा व्यवसाय काढतात, आयटीआयएनवर कर भरतात. यात कायद्याच्या बारीक फटी आहेत, सल्ला घेऊनच पाऊल टाका. आणि स्टेटस कायम असंच राहतं असं नाही. लग्न, यू व्हिसा (गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीचा), आश्रयाचा अर्ज अशा वाटांनी ते बदलतं, तेव्हा हातात पदवी असलेली बरी.

आजी आजारी आहे. सेमिस्टरच्या सुट्टीत भेटून येऊ का?

गेलात तर परत येता येणार नाही असंच धरून चाला. चालू डाका असलेल्यांना अ‍ॅडव्हान्स पॅरोल (बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी) मागता येतो, बाकीच्यांना तेही नाही. कॉलेजच्या परदेशी सहलीलाही हेच लागू. घरच्यांना हे समजावणं सगळ्यात जड जातं. गावाकडे वाटतं, एवढी शिकली पण आजीला खांदा द्यायला आली नाही.

भारतात पाठवलं तर तिथे कॉलेज मिळेल?

मिळेल. मुलगा भारतीय नागरिक आहे. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजकडून बारावीच्या समकक्षतेचा दाखला काढावा लागतो. महाराष्ट्रातल्या सरकारी कोट्यात रहिवास आणि दहावी-बारावी कुठून केली ते बघतात, त्यामुळे तिथे अडतं. खासगी आणि अभिमत विद्यापीठं जास्त सोपी. जन्मदाखला आणि पहिल्या शाळेचा 'शाळा सोडल्याचा दाखला' आत्ताच नातेवाइकांकडून मागवून ठेवा, भारतात जायचं असो वा नसो. मुलाशी मोकळेपणाने बोला: तिसरीत असताना निघालेल्या पोराला पुण्याच्या वसतिगृहात एकटं पाठवणं म्हणजे 'घरी' पाठवणं नव्हे.

वकील कसा शोधायचा?

राज्याच्या बार असोसिएशनच्या संकेतस्थळावर त्याचं नाव आहे का बघा. परवडत नसेल तर न्याय खात्याने मान्यता दिलेले प्रतिनिधी असलेल्या ना-नफा संस्था आहेत, त्या थोड्या पैशांत किंवा फुकट बघतात. अनेक कॉलेजांत विद्यार्थ्यांसाठी मोफत इमिग्रेशन वकील असतो, तो प्रवेश घेतल्यावर लगेच गाठा. गणेशोत्सवात भेटलेले 'सगळं करून देणारे' काका, ट्रॅव्हल एजंट, नोटरी यांच्याकडे फॉर्म देऊ नका. जाताना पासपोर्ट, शेवटचा आय-९४ (देशात आल्याची नोंद), जुने व्हिसा, इमिग्रेशन खात्याकडून आलेलं प्रत्येक पत्र न्या, आणि मुलालाही सोबत घेऊन जा. प्रश्न त्याचे आहेत, त्याला स्वतःला विचारू द्या.